मालिका पाहिल्यानंतरची कादंबरी

पुस्तक आधी वाचावे की त्याच्यावर काढलेली मालिका आधी पाहावी, हा प्रश्न निघाला की जाणती माणसे फारसा विचार न करता उत्तर देऊन मोकळी होतात : पुस्तक आधी! मालिका पाहून झाल्यावर पुस्तक हातात घेणे म्हणजे जेवून हात धुतल्यावर पुन्हा पाटावर येऊन बसणे, असे त्यांचे मत. कोण कोणाला मारतो, शेवटी काय होते, सगळे ठाऊक झाले. मग वाचायचे कशासाठी?

प्रश्न वाजवी आहे. पण त्याचे उत्तर सरसकट देता येत नाही, एखादे पुस्तक समोर ठेवूनच ते द्यावे लागते. म्हणून मी आज एकच पुस्तक घेतो. लिऊ त्सीशिन या चिनी लेखकाची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही विज्ञानकादंबरी. तिच्यावर नेटफ्लिक्सने काढलेली आठ भागांची मालिका २०२४ च्या मार्चमध्ये आली. मी मराठी शिकवणारा माणूस. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी ती मोबाइलवर पाहिली आणि तासाला कुजबुज सुरू झाली, तेव्हा मीही पाहिली. कादंबरी त्यानंतर वाचली, केन लिऊ यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात. म्हणजे जाणत्यांच्या मते अगदी उलट्या क्रमाने.

आता गंमत अशी, की या कादंबरीचा स्वतःचा क्रमच एकदा उलटापालटा झालेला आहे. २००६ साली ती चीनमधल्या एका विज्ञानकथांच्या मासिकात क्रमशः आली, तेव्हा तिची सुरुवात सांस्कृतिक क्रांतीतल्या प्रसंगांनी होत होती. १९६७ साल. पेकिंगमध्ये पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाला जाहीर सभेत उभे केले आहे. चार मुली, शाळकरी वयाच्या, हातात कमरेचे पट्टे घेऊन त्याला मारताहेत. त्याची बायकोही पदार्थविज्ञानाचीच. ती व्यासपीठावर येऊन नवऱ्याच्या विरुद्ध बोलते. माणूस तिथेच मरतो, आणि खाली गर्दीत उभी असलेली त्याची मुलगी ये वेन्जिए हे सगळे पाहते. २००८ साली पुस्तक निघाले तेव्हा हा भाग पहिल्या पानांवरून उचलून मधे नेऊन ठेवण्यात आला. तो सुरुवातीलाच असणे धोक्याचे वाटले. २०१४ च्या इंग्रजी भाषांतरात केन लिऊंनी लेखकाच्या संमतीने तो पुन्हा आरंभी आणला. नेटफ्लिक्सची मालिकाही तिथूनच सुरू होते. तेव्हा मालिका पाहणाऱ्या परदेशी माणसाला जे पहिल्या पाच मिनिटांत दिसले, ते चिनी वाचकाला पुस्तकात पुष्कळ पुढे गेल्यावर भेटले होते. आधी काय आणि मग काय याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुढे २०१५ मध्ये या पुस्तकाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. भाषांतरित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आणि पडदा आधी, पुस्तक मागून, हा प्रकार आजचा नव्हे. १९६१ साली बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ नावाची सात भागांची मालिका दाखवली होती. लिहिणारे दोघे : जॉन एलियट आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. आकाशातून एक संदेश येतो, त्यात एक गणकयंत्र कसे बांधावे याच्या सूचना असतात, आणि ते बांधावे की नाही यावर माणसांची जुंपते. मालिका झाली आणि १९६२ मध्ये तिची कादंबरी निघाली. त्या सुमारास केंब्रिजमध्ये याच हॉईलसाहेबांच्या हाताखाली एक मराठी तरुण संशोधन करीत होता, जयंत नारळीकर. त्यांनी पुढे १९७४ मध्ये टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि आपल्याकडे विज्ञानकथेला वाट करून दिली. २०२५ मध्ये ते गेले. पण सांगायचे ते वेगळेच. त्या ‘अँड्रोमेडा’ मालिकेचे बहुतेक भाग आज उपलब्धच नाहीत. त्या काळी चित्रफिती जपून ठेवण्याची रीत नव्हती. पुसून पुन्हा वापरीत. मागून आलेले पुस्तक मात्र आजही वाचायला मिळते.

असो. आपल्या कादंबरीकडे वळू.

कथेचा गाभा थोडक्यात सांगतो; मालिका पाहिली नसेल त्यांनी सांभाळून पुढे जावे. बापाचा खून पाहिलेली ती मुलगी पुढे जंगलात लाकूडतोडीच्या कामावर धाडली जाते. तिथून एका गुप्त लष्करी केंद्रात. मोठी अँटेना लावून परग्रहवासीयांचा कानोसा घेणे हे त्या केंद्राचे खरे काम. १९७१ मध्ये ती सूर्याचा एखाद्या कर्ण्यासारखा उपयोग करून आकाशात संदेश सोडते. आठ वर्षांनी उत्तर येते. उत्तर देणारा तिकडचा एक साधा कर्मचारी आहे आणि तो बजावतो, की पुन्हा बोलू नका, बोललात तर आमचे लोक तुमचा पत्ता काढतील आणि येऊन तुमची पृथ्वी घेतील. ये वेन्जिए हे वाचते. आणि उत्तर देते, या म्हणून.

आठच वर्षे का? तर आपल्या सूर्याला सर्वांत जवळ असलेले तारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहेत. निरोप जायला चार वर्षे, यायला चार वर्षे. पाश्चात्त्य लोक त्या ताऱ्याला अल्फा सेंटॉरी म्हणतात. आपल्याकडे नरतुरंग या समूहातल्या त्या ताऱ्याचे नाव काय आहे, ठाऊक आहे? ‘मित्र’! मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळे असेल अशा जागी उभे राहा. पुण्याहून तो क्षितिजाच्या वर जेमतेम दहा-अकरा अंश येतो, कोल्हापूरकरांना आणि गोव्याच्या लोकांना थोडा अधिक. शेजारी ‘मित्रक’ असतो. कादंबरीतले वैरी नेमके या मित्राकडून निघालेले आहेत. लेखकाच्या हे गावीही नसणार, पण मराठी वाचकाला त्या जागी हसू आल्यावाचून राहत नाही.

डोळ्यांना हा मित्र एकच तारा दिसतो. प्रत्यक्षात तिथे तीन तारे आहेत. तीन वस्तू एकमेकींना ओढीत असल्या तर त्या पुढे कुठे जातील, याचे सर्व परिस्थितींना लागू पडेल असे सुटसुटीत सूत्र नाही. दोन असल्या तर न्यूटनचे गणित चोख चालते. तिसरी आली की घोटाळा. स्वीडनच्या राजाने ठेवलेले पारितोषिक १८८९ साली पॉइन्कारे या फ्रेंच गणितज्ञाला याच प्रश्नावरच्या निबंधाबद्दल मिळाले. मग छापून झालेल्या निबंधात चूक सापडली आणि तो पुन्हा छापण्याचा खर्च त्याच्याच अंगावर पडला, तोही पारितोषिकाच्या रकमेहून जास्त! पण त्या चुकीच्या दुरुस्तीतूनच, अगदी थोड्या फरकाने पुढचा सारा मार्ग कसा पालटतो, हे ज्ञान निघाले. कादंबरीतल्या ग्रहावर म्हणूनच कधी तीन सूर्य एकदम उगवतात, कधी वर्षानुवर्षे रात्र. तिथल्या लोकांना आपला ग्रह सोडायचा आहे तो यामुळे. खऱ्या मित्र ताऱ्याकडे मात्र असा गोंधळ नाही. त्यातले दोन सूर्य सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी घालतात आणि तिसरा, बारका, त्यांच्यापासून इतका दूर आहे की घरकामात ढवळाढवळ करीत नाही. लेखकाने त्यांना कथेपुरते भांडायला लावले आहे, आणि त्याला तेवढी मुभा असावी.

आता पडदा आणि पान यांतला फरक. तो मला पहिल्यांदा कळला तो आकड्यांच्या प्रसंगात.

मालिकेत ऑगी नावाच्या शास्त्रज्ञ बाईच्या डोळ्यांपुढे एकाएकी चकाकणारे आकडे येतात. उलटी मोजणी. ती जिकडे पाहील तिकडे आकडे. आपल्यालाही ते दिसतात, कारण पडद्यावर दाखवायचे म्हणजे सगळ्यांनाच दाखवावे लागते. कादंबरीत हे वांग मियाओ नावाच्या माणसाच्या वाट्याला आले आहे. हा माणूस अतिसूक्ष्म धाग्यांवर संशोधन करतो आणि हौस म्हणून फोटो काढतो, जुन्या कॅमेऱ्यात फिल्म घालून, घरीच धुऊन. एकदा फिल्म धुतो तर प्रत्येक फोटोवर बारीक आकडे उमटलेले. त्याला वाटते फिल्म खराब आहे. दुसरी घालतो. पुन्हा आकडे, आणि मधल्या काळाइतके कमी झालेले. मग तो बायकोच्या हातात कॅमेरा देतो, लहान मुलाच्या हातात देतो. त्यांनी काढलेले फोटो स्वच्छ! आकडे फक्त याने काढलेल्या फोटोंवर. ते पान वाचताना अंगावर काटा आला, आणि लक्षात घ्या, पुढे काय निघणार हे मला मालिकेमुळे ठाऊक होते. भीती ‘पुढे काय’ची नव्हतीच. एका घरात तीन माणसे, कॅमेरा एक, आणि त्यांतला एकच माणूस या गोष्टीत एकटा पडलेला, ही ती भीती. शंका घेणे, दुसरी फिल्म घालणे, दुसऱ्याच्या हाताने करून पाहणे, ही प्रयोगशाळेतली शिस्त आहे, आणि तीच त्याला पावलापावलाने कोपऱ्यात नेते. पडद्याला एवढा धीर नाही.

तसेच आकाशाचे. मालिकेत एका रात्री साऱ्या जगाला तारे मिचकावताना दिसतात. लोक रस्त्यांवर येऊन वर पाहतात. दृश्य भव्य आहे, यात शंका नाही. कादंबरीत तारे जागच्या जागी स्थिर आहेत. विश्वाच्या जन्मापासून उरलेली एक क्षीण ऊब सगळ्या अवकाशात भरून आहे. १९६४-६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या दोघांना ती अमेरिकेत सापडली, आणि १९७८ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळाले. निरपेक्ष शून्याच्या वर तीन अंशांहूनही थोडी कमीच. ही ऊब साध्या डोळ्यांना दिसत नाही. वांग मियाओ एक खास चष्मा चढवून रात्री उभा राहतो, आणि त्याला सारे आकाश तांबूस होऊन मिणमिणताना दिसते. चष्मा काढला की नेहमीचे शहर, नेहमीचे तारे. विश्व लुकलुकते आहे आणि हे कोणाला सांगायचे, ही पंचाईत आहे त्याची. मालिकेने ती सगळ्यांत वाटून टाकली.

पण म्हणून मालिकेला नावे ठेवायला मी निघालो आहे असे समजू नका. काही गोष्टी तिने पुस्तकाहून चांगल्या केल्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. लिऊ त्सीशिन हा वीजकेंद्रात नोकरी केलेला अभियंता. यंत्रे, कल्पना, आकडे यांत त्याचा हात कोणी धरणार नाही. माणसे मात्र त्याला पुष्कळदा पुठ्ठ्याची होतात. वांग मियाओची ती बायको आणि तो मुलगा, फोटो काढून झाल्यावर कुठे जातात? कादंबरीला त्यांची आठवणही राहत नाही. मालिकेने या एका वांगचे आणि पुढच्या खंडांतल्या काही जणांचे मिळून पाच मित्र केले, सगळे ऑक्सफर्डचे, आणि त्यांच्यात जिव्हाळा ठेवला. मरणाच्या दारात असलेला विल आणि त्याने जिनवर केलेले अबोल प्रेम, हे पाहताना माझे डोळे ओले झाले. तुम्हीही त्याला शोधत पुस्तक उघडाल तर सांगून ठेवतो : तो या पुस्तकात नाही. त्याचे मूळ तिसऱ्या खंडात आहे, तो खंड २०१० चा. आणि सॉल या मित्राचे मूळ दुसऱ्यात, २००८ च्या. पहिल्या खंडात तुम्हाला ओळखीचा भेटेल तो दा शि, सिगारेट ओढणारा, तोंडाचा फटकळ पोलीस. त्याला मात्र लेखकाने जीव लावून लिहिले आहे.

हा दा शि शेवटी हताश झालेल्या शास्त्रज्ञांना गाडीत घालून घेऊन जातो. परग्रहावरच्यांनी माणसांना किडे म्हटले आहे, आणि ते खरेच आहे असे या विद्वानांना वाटू लागले आहे. मालिकेत तो त्यांना अमेरिकेत रातकिड्यांच्या जातीचे किडे दाखवतो, जमिनीतून निघून झाडाझाडावर चढलेले. कादंबरीत तो त्यांना आपल्या गावी नेतो आणि टोळधाड दाखवतो. शेतात टोळांचा थर पडलेला. माणसाने यांच्यावर विष फवारले, आणखी काय काय केले, पण लढाई अजून जिंकलेली नाही; किडा कधी हरला नाही, असा त्याचा मुद्दा. २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडे ज्यांनी टोळधाड उतरलेली पाहिली, थाळ्या वाजवल्या, धूर केला, त्यांना हा मुद्दा कोणी समजावून सांगावा लागणार नाही. झाडावर किरकिरणाऱ्या किड्याशी माणसाचे असे कुठले युद्ध आहे? जागा बदलली, किडा बदलला, आणि युक्तिवादातले हाडच निघून गेले. परदेशी प्रेक्षकासाठी केले असेल, पण नुकसान झाले.

आणखी एक जागा. कादंबरीतल्या खेळात न्यूटन आणि व्हॉन न्यूमन हे दोघे चीनच्या पहिल्या सम्राटाकडे येतात आणि तीन कोटी सैनिकांचे गणकयंत्र बनवतात. मालिकेत तिथे कुब्लाई खान आहे आणि न्यूमनच्या जागी ट्युरिंग. दृश्य दिपवणारे आहे. पण यंत्र चालते कसे? ते पडद्यावर भुर्रकन निघून जाते. पुस्तकात तीन सैनिक पुढे घेतले आहेत, प्रत्येकाकडे एक पांढरे निशाण, एक काळे. दोघांनी आपापले निशाण वर करायचे. तिसऱ्याने एवढेच पाहायचे : दोघांचीही काळी असली तर आपलेही काळे, नाहीतर पांढरे. झाले एक कवाड तयार. दुसऱ्या तिघांचा नियम वेगळा : दोघांतले एक जरी काळे असले तरी तिसऱ्याचे काळे. दुसरे कवाड. मी वर्गात तीन मुलांना उभे करून काळ्या कव्हरची वही आणि पांढरा कागद देऊन हे करून पाहिले. कला शाखेची मुले, गणिताचे नाव काढले की तोंड फिरवणारी. पाच मिनिटांत मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे सैनिकाला गणित यायची गरजच नाही?” नाही. त्या तीन कोटींतल्या एकालाही आपण काय करतो आहोत हे कळत नाही. हे वाक्य त्या मुलीच्या तोंडून ऐकल्यावर मी पुस्तकाच्या आरंभीच्या त्या सभेकडे परत गेलो. हातात पट्टे घेतलेल्या त्या चार मुली. त्याही शेजारच्याचे निशाण पाहूनच आपले वर करीत होत्या.

आता मुख्य गोष्ट.

ये वेन्जिएने साऱ्या मानवजातीला धोक्यात घातले. का? मालिका याचे उत्तर देते, नाही असे नाही. बाप मेला, एका पुस्तकाच्या प्रकरणात विश्वासाच्या माणसाने तिलाच पुढे करून आपली मान सोडवून घेतली, आणि बापाला मारणाऱ्यांतली एक मुलगी पुढे तिला भेटली तेव्हा तिला पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. मालिकेत ये वेन्जिएच्या आयुष्यात एक परदेशी पुरुषही येतो; प्रेम आहे, त्याच्यापासून झालेली मुलगी आहे. ही बाई आपल्याला कळते, तिची कणव येते.

कादंबरीत ती इतकी सोपी नाही. तिथे तिचे लग्न त्या केंद्रातल्याच एका सरळ माणसाशी होते, यांग वेइनिंग त्याचे नाव. तो तिच्या वडिलांचा जुना विद्यार्थी, तिला जपणारा. तिने उत्तर धाडल्यावर केंद्रातला राजकीय अधिकारी लेई याच्या ध्यानात येते, की बाहेरून काहीतरी आले आहे आणि हिला ते ठाऊक आहे. ती ठरवते. केंद्र उंच कड्यावर आहे. तारेत बिघाड झाल्याचे दाखवून ती त्याला दोराने कड्याखाली उतरवते. आणि तेवढ्यात, कोणी बोलावले नसताना, तिचा नवराही मदतीला म्हणून त्याच दोरावरून खाली उतरतो.

ती दोर कापते. पोटात त्याचे मूल असताना.

मालिकेत हा प्रसंग नाही. तो का गाळला असेल हे मी समजू शकतो. प्रेक्षकाला या बाईबरोबर आठ भाग बसायचे आहे, आणि नवऱ्याचा दोर कापणाऱ्या बाईबरोबर बसणे कठीण. लिऊ त्सीशिन तिच्या बाजूने एक शब्द घालत नाही, विरुद्धही घालत नाही. एखाद्या जोडणीचा तक्ता लिहावा तसे लिहितो. पुठ्ठ्याची माणसे करतो म्हणून मी त्याच्यावर मघाशी टीका केली. पण त्याचा तोच कोरडेपणा या पानावर असा काही कामी आला आहे की दुसऱ्या कोणा हळव्या लेखकाला ते साधले नसते.

आणि याच्यानंतर जे येते, ज्याच्यासाठी मी हे सगळे बोलतो आहे, तेही मालिकेत मला कुठे दिसले नाही. केंद्राच्या पायथ्याशी एक खेडे आहे, चीजियातुन. बाळंतपणात ये वेन्जिएला अतोनात रक्तस्राव होतो. खेड्यातली माणसे येऊन रक्त देतात. तिची नीट ओळखही नाही त्यांना. तिच्याकडे त्यांच्यातली मुले शाळेतल्या अडचणी विचारायला येत असत, एवढेच. मग ती तान्ह्या मुलीला घेऊन त्या गावात एका शिकाऱ्याच्या घरी राहते. गावातल्या बाया तिचे बाळंतपण काढतात. घरातली तरुण सून, फंग तिचे नाव, तिच्याशी जीव लावून वागते. ये वेन्जिए तिला अक्षरे शिकवते. हे सगळे थोड्याच पानांत आहे. काही घडत नाही. गरम बिछाना, म्हाताऱ्याच्या तंबाखूचा वास, दिवा, बायांचे बोलणे. जिला माणूस म्हणजे फक्त पट्टा उगारणारा हात एवढेच माहीत झाले होते, तिला पहिल्यांदा असे वागवले जाते.

तुम्ही मालिका न पाहता पुस्तक वाचत असता, तर ही पाने कदाचित भराभर उलटली असती. वाचकाला पुढे काय होते ते हवे असते. परग्रहवाले येणार आहेत की नाहीत, आणि मधे हे खेडे कुठले? मालिका पाहून आलेल्याला घाई नसते. ते येणार आहेत, त्यांना पोहोचायला चारशे वर्षे लागणार आहेत, पृथ्वीवरचे विज्ञान ते रोखून धरणार आहेत, पनामाच्या कालव्यात ते जहाज अदृश्य तारांनी चिरले जाणार आहे, सगळे त्याने पाहिले आहे. तेव्हा तो त्या घरात थांबू शकतो. आणि थांबला की त्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट येते, तारखेची. हे खेडे तिच्या उत्तराच्या आधी भेटले नाही. नंतर भेटले. रक्त देणारी ती माणसे थोडे महिने आधी भेटली असती तर? लेखक हा प्रश्न विचारत नाही. मी वाचत होतो तेव्हा घरातली सगळी झोपली होती, आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

पुढे ये वेन्जिए त्या मारणाऱ्या मुलींना शोधून भेटीला बोलावते. चारांतल्या तिघी येतात, एकीचा हात गेलेला. त्यांची क्षमा मागायची तयारी नाही. त्यांनाही पुढे खेड्यांत धाडले होते, त्यांचीही आयुष्ये मातीत गेली, आता त्यांना कोणी ओळखतही नाही. ही भेट मालिकेत एकाच मुलीवर आणि उत्तर देण्याच्या आधी आणलेली आहे, म्हणजे ती कारण होऊन बसते. कादंबरीत ती खेड्याच्या नंतर आहे, म्हणजे खेड्याने जे विरघळवू घातले होते ते या भेटीने पुन्हा गोठते. प्रसंग तेच, फक्त जागा बदलली, आणि बाईचा अर्थ बदलला.

म्हणून ज्यांनी मालिका पाहिली असेल त्यांनी पुस्तक जरूर घ्यावे, आणि चीजियातुनची पाने आली की वेग कमी करावा. त्यांत एक जागा आहे. रात्रीची वेळ, रॉकेलचा दिवा, दोघी तरुण बाया जवळ बसलेल्या. फंग उजेडासाठी दिव्याच्या इतकी जवळ वाकते की तिच्या कपाळावरचे केस चर्रकन जळतात, आणि दोघी पोट धरधरून हसतात. बाजूला तान्ही मुलगी झोपलेली. त्या दिवसभरात ये वेन्जिएचा निरोप मित्राच्या दिशेने आणखी दोन हजार सहाशे कोटी किलोमीटर पुढे गेला होता.